भागाकार कशाने करायचा

खाण्यात चालणारा पदार्थ तंबाखूत मिसळून जाळला तरी चालेल, हा युक्तिवाद मला पटत नाही. कढईतलं तेल करपलं की डोळ्यांना झोंबतो तो ॲक्रोलिन. तेलातलं ग्लिसरॉल फुटून तो बनतो. तंबाखू ओलसर राहावी म्हणून तिच्यात हेच ग्लिसरॉल घालतात. त्यातलं बरंचसं तसंच वाफेनं धुरात जातं, थोडं फुटतं. साखर तापली की फॉर्माल्डिहाइड आणि फुरफुराल देते. उष्माभारमापनात आम्ही नमुना तापवत त्याचं वजन कसं उतरतं ते बघतो: आधी पाणी, मग 200 ते 300 अंशांत साखर, पेक्टिन, हेमिसेल्युलोज, त्यानंतर सेल्युलोज. पोटॅशियमचा क्षार घातला की सेल्युलोज आधीच फुटू लागतं आणि मागे कोळसा जास्त उरतो. म्हणजे मिसळलेला पदार्थ स्वतः जळतोच, शिवाय शेजाऱ्याचं जळणंही बदलतो. एकट्या पदार्थाच्या आलेखात हे दिसणार कसं? त्यात आमचा तराजू बहुधा मिनिटाला दहा-वीस अंशांनी तापतो, तर झुरक्यासरशी निखारा 900 अंशांच्या आसपास जातो आणि त्याच्या मागच्या पट्ट्यात प्राणवायू जवळजवळ नसतो.

मग अख्खी सिगारेटच ओढून मोजावी, हे रास्तच. पण तिथेही मोजलेल्या विषद्रव्यांना भागाकार कशाने करायचा हा प्रश्न उरतो, आणि माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे. फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीने 333 मिश्रकांवर, म्हणजे तंबाखूत मिसळायच्या पदार्थांवर, केलेल्या चाचण्या 2002मध्ये प्रसिद्ध झाल्या; निष्कर्ष होता, विषारीपणात म्हणण्याजोगी वाढ नाही. 2011मध्ये स्वतंत्र संशोधकांनी तेच आकडे पुन्हा तपासले. मिश्रकांमुळे धुरातलं कणद्रव्यच वाढलं होतं. त्यामुळे विषद्रव्यांना कणद्रव्याने भागलं की वाढ झाकली जात होती. दर सिगारेटमागे मोजल्यावर कित्येक विषद्रव्यं 20 टक्क्यांहून जास्त वाढलेली निघाली. ओढणारा माणूस सिगारेट ओढतो, कणद्रव्याचे मिलिग्रॅम मोजून घेत नाही.

यावर दोन आक्षेप येतात. मिश्रकांविना तंबाखूही जीव घेते, हा पहिला; तो पूर्ण खरा आहे, पण त्यातून भर घालायची मुभा निघत नाही. पानात मुळातच साखर असते, हा दुसरा. भट्टीत वाळवलेल्या व्हर्जिनिया तंबाखूबाबत ते बरोबर आहे. बर्ली तंबाखूची साखर मात्र हवेत वाळतानाच जवळजवळ संपते. मिश्रणात ती परत येते ती कारखान्यातूनच, आणि तिचा हिशेब पानाच्या नावावर टाकता येत नाही.