वहीतली जुनी बाकी



बी.कॉम. झाल्यापासून मला सगळं वहीत उतरवायची खोड आहे. दूध, किराणा आणि गेल्या वर्षापासून रक्तदाबही. पहिली नोंद १५८/९६. डॉक्टरांनी विचारलं, "काकू, कसलं टेन्शन आहे का?" मी म्हटलं, "छे, काही नाही." शेजारी हे बसले होते, ते छताकडे बघत राहिले.

त्यांना ठाऊक होतं. सासूबाईंच्या पाटल्यांवरून अक्कांशी, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाईंशी, दोन वर्षं बोलणं बंद होतं. क्षमावाणीला दीडशे जणींना मोबाइलवर 'उत्तम क्षमा' पाठवली, अक्कांना सोडून! रात्री अंथरुणावर पडलं की तेच भांडण पुन्हा सुरू. आपल्याकडे याला आर्तध्यान म्हणतात. डॉक्टरांनी त्यांच्या भाषेत सांगितलं, की मनातलं भांडणसुद्धा शरीराला खरंच वाटतं. अॅड्रेनलिन, कॉर्टिसॉल वाढतं, नाडी पळते, रक्तवाहिन्या आखडतात.

यंदा क्षमावाणीला मी फोन लावला. "अक्का, चुकलं माझं." पलीकडे शांतता. मग आवाज आला, "दोन वर्षं घड्याळ बंद पडलं होतं होय गं तुझं?"

आणि आम्ही दोघी जे हसत सुटलो! एकत्र घरात असताना एका पावसाळ्यात भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं होतं. आभाळ काळं झालेलं. दिवस मावळला असं समजून आम्ही घाईघाईनं सगळ्यांना जेवायला बसवलं. ताटं उचलली आणि लख्ख ऊन पडलं! मामंजी म्हणाले, "आज दिवस दोनदा उगवला की गं!" फोनवर ते आठवून डोळ्यांतून पाणी आलं, छाती कशी मोकळी झाली.

२००५ साली अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठातल्या डॉक्टरांनी २० निरोगी माणसांना विनोदी आणि युद्धाच्या सिनेमातले प्रसंग दाखवले होते. हसल्यावर बहुतेकांच्या रक्तवाहिन्या सैलावल्या, ताणाचे प्रसंग पाहून आखडल्या.

पण स्वाध्यायात तर हास्य नऊ नोकषायांत मोजलंय. मग हसावं की नाही? मला संसारी बाईला एवढंच कळतं, की दुसऱ्याला हसलं की मान वाढतो, स्वतःच्या फजितीवर हसलं की तो जरा उतरतो.

परवाची नोंद १३४/८४. गोळी चालू आहे, मीठ-पापड कमी केलंय, म्हणून सगळं श्रेय हसण्याला देत नाही. झोप मात्र लागते. आणि एक सांगते. छातीत दडपण, जबडा-पाठ दुखणं, दम लागणं, कारण नसताना घाम, मळमळ असं काही झालं तर 'पित्त असेल' म्हणून हसण्यावारी नेऊ नका, लगेच दवाखाना गाठा.

पाटल्या अजून अक्कांकडेच आहेत. रविवारी त्या घालून आल्या होत्या, छान दिसत होत्या.

तुमच्या वहीत कुणाची बाकी आहे?