ताण

डिसेंबर लागला की आबाजी विहिरीवरचं इंजिन बंद करायचे आणि त्याचा पट्टा काढून घरी आणायचे. चोरी होण्याची भीती नव्हती. "माह्यावरच भरोसा नाही," असं ते म्हणायचे. तीन आठवडे लोटले, भर दुपारी झाडं मलूल दिसू लागली, पानं गळून बुंध्याशी पिवळा थर साचला, की बगीचेवाल्याचा हात आपसूक इंजिनाकडे जातो. पट्टा मैलभर दूर, घरातल्या खुंटीला असला, म्हणजे तिथपर्यंत चालत येईस्तोवर अक्कल ठिकाणावर येते.

मी तेव्हा आठेक वर्षांचा असेन. "आबाजी, झाडाले तहान लागली ना," म्हटलं तर म्हणाले, "लागू दे. आता पाणी देल्लं तं पानंच पानं येतीन, फूल एक नाही."

काटोलात याला ताण म्हणतात. संत्र्याचे आमच्याकडे मुख्य बहार दोन, आंबिया आणि मृग. मृगाचा ताण उन्हाळाच देऊन टाकतो. आंबियाचा मात्र शेतकऱ्यानं द्यायचा, ऐन हिवाळ्यात, पाणी तोडून. झाडाची वाढ थांबते, फांदीत अन्नाचा साठा होतो, आणि जानेवारीत पाणी सोडलं की नवतीबरोबर कळ्या फुटतात. ताण किती दिवसांचा, हे जमिनीवर ठरतं. हलक्या, मुरमाड जमिनीत तीन-चार आठवडे पुरतात. काळ्या भारी जमिनीला दीड महिना, कधी दोनही लागतात, कारण वरून भेगा पडल्या तरी ती खाली ओल धरून बसलेली असते. ताण फार झाला तर फांद्या वाळतात, झाडावर सल येते. आणि मधेच अवकाळी पाऊस आला तर सगळंच मुसळ केरात.

ताण तोडतानाही मोटार भसाभसा सोडायची नाही. पहिलं पाणी हलकं, ती आंबवणी. काही दिवसांनी दुसरं, ती चिंबवणी. मग भरपूर. आबाजी आंबवणीला स्वतः उभे राहायचे. ताण द्यायला सालदार चालायचा, तोडायला नाही.

घरातही कुणाचा ना कुणाचा ताण चालू असायचाच. आजीचे श्रावणी सोमवार, दोन्ही एकादशा, आईची निर्जळी हरतालिका. आमच्यासाठी मात्र उपास म्हणजे भगर, शेंगदाण्याची आमटी, साबुदाण्याची उसळ आणि वर शिंगाड्याचा शिरा. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण आमच्याच घरून निघाली असावी. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. म्हणजे आमच्या सातव्या-आठव्या पिढीतल्या आज्यांनी त्याच्याविना एकादशा काढल्या असणार, आणि विठोबानं काही तक्रार केलेली ऐकिवात नाही. माझी पहिली महाशिवरात्र दुपारी चारला संपली, शेजारच्यांच्या घरी तळल्या जाणाऱ्या भज्यांच्या वासानं. आजी रागावली नाही. "देवाले काई फरक नाही पडत, तुले पडते," एवढंच म्हणाली. याचा अर्थ मला चाळीस वर्षं लागला नाही.

आईला साखरेच्या गोळ्या सुरू झाल्या तेव्हा डॉक्टरांनी निर्जळीला साफ मनाई केली. तिनं निमूटपणे पाणी घेतलं, दोन घास खाल्ले, आणि संध्याकाळी मालिकेच्या वेळेला टीव्ही लावला नाही. विचारलं तर म्हणाली, "काहीतरी तं सोडाच लागते." मोबाईलचा उपास वगैरे शब्द तेव्हा कुणी काढले नव्हते.

माझ्या हातात बरा फोन आला तो २०१६ साली, जिओनं इंटरनेट फुकटात वाटायला काढलं तेव्हा. पेशानं मी मास्तर, बगीचा जोडीला, पावणेतीन एकरात तीनशे झाडं. तोवर रात्री झोपण्याआधी तीस-चाळीस पानं वाचून व्हायची. दोन वर्षांत तीन पानांवर आलो. अंगठा मात्र मैलोगणती चालायचा. अझा रास्किन नावाच्या अमेरिकन माणसानं २००६ मध्ये एक युक्ती काढली, पान तळाशी संपूच द्यायचं नाही, खाली नवं येतच राहील. पुढे त्याला स्वतःलाच तिचा पश्चात्ताप झाला. पंगतीत "पुरे" म्हणत आडवा हात धरायची सोय असते. इथे वाढपी थांबत नाही आणि ताटाला बूड नाही.

मग मी गुरुवार धरला. एक वेळ जेवण आणि दिवसभर फोन बंद. पहिल्या गुरुवारी सकाळी स्टेटसवर लिहिलं, "आज मोबाईलचा उपास." आणि अकरा वाजेपर्यंत चार वेळा फोन उघडून पाहिलं, किती जणांनी ते वाचलं. दुप्पट खाशी, दुसरं काय.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांच्या वडगावनं २०२२ मध्ये यावर गावपातळीवर तोड काढली. संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाईल बंद. मुलं अभ्यासाला, मोठी माणसं गप्पांना मोकळी. त्याच वर्षी आमच्या विदर्भातल्या, पुसद तालुक्यातल्या बान्सीच्या ग्रामसभेनं अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाईलबंदीचा ठराव केला. माझा कल वडगावकडे आहे. बंदीत मोठ्यांना सूट आणि लहानांवर पहारा असतो. भोंगा सगळ्यांसाठी वाजतो, आणि मुख्य म्हणजे साडेआठला सुटका आहे. ताणाला तारीख लागते. तारखेविना दिलेला ताण ही झाडाला शिक्षा.

तारीख नसलेला ताण २०१९ च्या उन्हाळ्यात पाहिला. काटोल, नरखेड, वरूड, सगळीकडे विहिरी आटल्या, बोअर कोरडे पडले, आणि उभे बगीचे वाळले. माझी नव्वद झाडं गेली. आबाजींनी लावलेली त्यातच होती. ती सरपणाच्या भावानं विकली. त्याला ताण म्हणत नाहीत. उपास आणि उपासमार यांतलं अंतर तेव्हा कळलं. उपासाचा पट्टा खुंटीला असतो.

त्याच्या आदल्या वर्षी दिवाळीच्या सुटीत मी माहुरझरीला गेलो होतो. आमच्याकडून नागपूरकडे जाताना कळमेश्वर सोडलं की त्या अंगाला धम्म नाग हे विपश्यना केंद्र आहे. दहा दिवसांचं शिबिर. पहिल्याच दिवशी फोन जमा, वही-पेन जमा, आणि आर्य मौन. पहाटे चारला घंटा. अकराला जेवण, मग संध्याकाळी पाचला नव्या साधकांना चहा, मुरमुरे, फळ. जुन्यांना नुसतं लिंबूपाणी. भुकेचं मला वाटलं होतं तेवढं काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी पोटानं तक्रार सोडली. अंगठ्यानं सोडली नाही. मांडी घालून डोळे मिटले की उजवा अंगठा तर्जनीवर हळूच सरकायचा, वरून खाली, वरून खाली. सहाव्या दिवशीही. माझी जमीन भारी, काळी, हे मला तिथं कळलं. वरून कोरडी ठणठणीत, खाली ओल कायम. सातव्या दिवशी दुपारी श्वास नाकाच्या टोकाशी लागतो ते नुसतं जाणवत राहिलं. किती वेळ ते सांगता येणार नाही, घड्याळही काढून ठेवलं होतं.

शिबिर संपलं. फाटकाबाहेर येऊन फोन सुरू केला आणि एसटीत जागा मिळायच्या आत मान खाली गेली. घरी पोचलो तरी तीच. रात्री दोनपर्यंत दहा दिवसांचं सगळं वाचून काढलं. आंबवणी नाही, चिंबवणी नाही, एकदम सगळी मोटार. डोळे चुरचुरत होते आणि आबाजी आठवत होते.

आता शुक्रवारी सकाळी फोन हाती आला की तासभर फक्त आलेले कॉल बघतो. मग घरचे निरोप. बाकीचं दुपारनंतर. हे जमतंच असं नाही. महिन्यातून दोन गुरुवार धड गेले तरी मी त्याला बहार म्हणतो, आणि वाचनाची पानं वीसवर आली आहेत. फोन ठेवायला जागा मात्र पक्की आहे, ज्वारीची कोठी. किल्ली बायकोकडे.

परवाचाच गुरुवार. बगीचा ताणावर सोडून बावीस दिवस झाले होते, आणि दुपारी तीनला आभाळ भरून आलं. डिसेंबरात. मी अंगणात तीन चकरा मारल्या.

"किल्ली देऊ काय?" बायकोनं विचारलं. "पाहून घ्या, पाऊस हाय काय तं."

"पाहून काय थांबणार आहे तो?" म्हटलं, आणि सायकल काढून बगीच्यात गेलो. बांधापलीकडचा शेतकरी त्याच्या झाडांत उभा होता.

"गुरुजी, मोबाईलमंदी काय दाखवते?"

"आज बंद आहे माझा."

त्यानं स्वतःचा काढला, ऊन नसतानाही त्यावर हाताचा आडोसा धरला, आणि म्हणाला, "साठ टक्के दाखवते."

दोघांनीही वर पाहिलं. उत्तरेकडून थंड वारा सुटला, पिवळी पानं भिरभिरत खाली आली. मग माझ्या मनगटावर एक थेंब पडला. त्याच्या टोपीवर एक. आणखी दोन कुठं तरी मातीत. पाचव्याची वाट पाहत आम्ही बांधाच्या दोन बाजूंना तसेच उभे राहिलो.