लाल दिव्याचें म्हणणें

ज्या घरांत माणसें पुष्कळ असतात त्या घरांत मतेंहि पुष्कळ असतात. आणि एखादी वस्तु बिघडली कीं हीं सर्व मतें एकाच वेळीं ओसरीवर येऊन बसतात. गेल्या भाद्रपदांत आमच्या पांचगणीच्या घरीं असा प्रकार घडला. निमित्त होतें ट्रॅक्टरवर लागलेला एक लहानसा लाल दिवा. त्या दिव्यानें आम्हां सर्वांस, आणि विशेषतः मला, जें शिकविलें तें वाचकांपुढें मांडावें, एवढ्यासाठींच हा लेखनप्रपंच.

पांचगणी म्हटली कीं पुण्यामुंबईकडील मंडळींच्या डोळ्यांपुढें टेबललँड, सिल्व्हर ओकचीं उंच झाडें आणि निवासी शाळा उभ्या राहतात. परंतु समुद्रसपाटीपासून सुमारें १,३०० मीटर उंचीवरील या गांवाभोंवतीं दांडेघर, गोदवली, अंब्राळ, खिंगर, तायघाट अशीं खेडीं आहेत, आणि या परिसरांतील तांबड्या मातींत स्ट्रॉबेरी पिकते. आमचेंहि तेथें उतारावर थोडें शेत आहे. पावसाचा जोर ओसरला कीं रान भुसभुशीत करून गादीवाफे ओढावयाचे आणि रोपें लावावयाचीं, असा क्रम असतो. रोपें एकदां आणलीं कीं तीं कोणासाठीं थांबत नाहींत. म्हणून उघडिपीचे चार दिवस म्हणजे आम्हांला सोन्याचे.

त्या चार दिवसांपैकीं दुसर्‍या दिवशींची ही गोष्ट. ट्रॅक्टर माझा पुतण्या बाळ चालवितो. मी शिक्षकाच्या पेशांतून निवृत्त झालेला. शेताचा जमाखर्च मात्र माझ्याकडे. दहाच्या सुमारास बाळनें मला बांधावर हांक मारली, "काका, ऑईलचा दिवा लागलाय." इंजिनांतील तेलाचा दाब उतरला म्हणजे हा दिवा लागतो, हें मला ठाऊक होतें. परंतु आदल्या वर्षींहि तो असाच लागला होता, आणि त्या वेळीं दिव्याला खबर देणारें स्विच तेवढें नादुरुस्त निघालें होतें. दोन दिवस फुकट गेले होते. ती आठवण माझ्या मनांत ताजी होती. मी म्हणालों, "स्विचच असेल. एवढें रान उरकून घे, मग पाहूं." बाळनें माझ्याकडे एकवार पाहिलें आणि कांहीं न बोलतां इंजिन बंद केलें. चुलत्याचा शब्द मोडण्याची आमच्या घरीं रीत नाहीं. मला राग आला, हें मी लपवीत नाहीं.

दुपारीं ओसरीवर मतें गोळा झालीं. दादांच्या मतें तेल कमी झालें होतें. ट्रॅक्टर सपाट जागीं उभा होता, आणि इंजिन बंद होऊन बराच वेळ झाल्यामुळें वर चढलेलें तेल खालीं चेंबरांत उतरलें होतें. म्हणजे मापास योग्य वेळ. बाळनें पट्टी काढून पुसली, पुन्हां घालून काढली. तेल वरच्या खुणेच्याहि वर! मी विजयी मुद्रेनें दादांकडे पाहिलें. धाकट्या बंधूंनीं डोंगरावरील विरळ हवेचा सिद्धान्त मांडला. शेजारच्या एका गृहस्थांनीं तर सर्वांत सोपा उपाय सुचविला: "तार काढून टाका, दिवा लागणारच नाहीं."

संध्याकाळीं पसरणीचा घाट चढून वाईहून मिस्त्री आला. त्यानें आमच्या कोणत्याच मताचा अवमान केला नाहीं. फक्त तीं एका ओळींत लावलीं. "आधीं दिवा खरें बोलतो कीं नाहीं तें बघूं," तो म्हणाला. त्यानें स्विच काढून त्या जागीं कांट्याचें साधें दाबमापक जोडलें आणि मोजण्यापुरतें इंजिन सुरूं केलें. इंजिन थंड असतांना कांटा बर्‍यापैकीं वर होता. मात्र तें तापूं लागलें तसा कांटा उतरत गेला. आणि मंद फिरणार्‍या गरम इंजिनांत तो अर्ध्या किलोच्याहि खालीं आलेला पाहतांच त्यानें चावी फिरवून तें थांबविलें. दिवा खरें बोलत होता. विरळ हवेचाहि निकाल लागला. उंचीवर इंजिनाचा जोर थोडा घटतो हें खरें, पण तेलाचा दाब हवेवर नव्हे, पंपावर चालतो.

त्यानें सांगितलेली एक गोष्ट माझ्या मनांत पक्की ठसली. पंप दाब निर्माण करीत नाहीं. तो तेल ढकलतो. अरुंद वाटांतून जातांना त्या तेलाला जो विरोध होतो त्याचाच दाब होतो. मोठ्या घरांत सकाळीं खालचे दोन नळ कोणी उघडे टाकले कीं माडीवरच्या नळाला धार राहत नाहीं, तसाच हा प्रकार. म्हणून दाब उतरला तर चारच शक्यता उरतात. निरोप्या खोटें बोलत असेल. तेल पुरेसें येत नसेल, म्हणजे तें कमी असेल, चेंबरांतील जाळी तुंबली असेल किंवा पंप झिजला असेल. आलेलें तेल वाजवीपेक्षां सहज निसटत असेल, म्हणजे दाब राखणारा व्हॉल्व्ह अडकून उघडा राहिला असेल किंवा बेअरिंगें झिजून त्यांच्या फटी रुंदावल्या असतील. नाहीं तर तेलच इतकें पातळ झालें असेल कीं विरोध करण्याची शक्ति त्यांत उरली नसेल.

यांत धोका केवढा असतो, हेंहि त्यानें समजावून दिलें. रुडॉल्फ डिझेल या जर्मन संशोधकास १८९३ सालीं ज्या कल्पनेचें पेटंट मिळालें, त्या पद्धतीच्या इंजिनांत ठिणगी नसते. हवाच सोळा-अठरा पट दाबून इतकी तापवितात कीं इंधन आपोआप पेट घेतें. त्या प्रत्येक स्फोटाचा घाव अखेर क्रँकवर बसतो. क्रँक आणि बेअरिंग यांच्यामध्यें केंसाइतक्या फटींत जो तेलाचा पडदा असतो, तोच धातूला धातूपासून दूर ठेवतो. पडदा फाटला कीं बेअरिंग जळावयास मिनिटें पुरतात. आणि दिवा तर दाब फारच उतरल्यावर, साधारणतः अर्ध्या किलोच्या आसपास, लागतो. म्हणजे तो पहिली सूचना नव्हे, शेवटची! मीं सांगितलेलें "एवढें रान" पाऊण तासाचें होतें.

मग त्यानें पट्टीवरचें तेल बोटांत चोळलें, हुंगलें आणि बोट माझ्यापुढें केलें. तेल पाण्यासारखें सैल होतें आणि त्याला डिझेलचा स्पष्ट वास होता. मी गोंधळून म्हणालों, "पण तेल तर खुणेच्या वर आहे!" दारांत उभ्या असलेल्या वहिनी हंसून म्हणाल्या, "भावोजी, दुधाचें माप वाढलें म्हणून गवळ्याला कोणी शाबासकी देतें का?"

झालें होतें तें नेमकें तसेंच. टांकींतून डिझेल ओढणार्‍या लहान पंपाचा पडदा फाटला होता आणि डिझेल थेंबाथेंबानें चेंबरांत झिरपत होतें. तेल वाढत होतें, आणि वाढतां वाढतां निकामी होत होतें. असें फार दिवस चाललें तर इंजिन तें मिश्रणच ओढून घेऊन आवरेनासें भरधाव सुटण्याचेंहि भय असतें.

मिस्त्रीनें पंपाचा पडदा बदलला, जुनें तेल सोडलें आणि जुना फिल्टर कापून त्याचा कागद उन्हांत पसरला. त्यावर चकाकणारे कण दिसले असते तर बेअरिंगें गेलीं असें समजावयाचें होतें. कागद काळा होता, पण कण नव्हते. नवा फिल्टर घालून, पुस्तिकेंत सांगितलेलें १५-डब्ल्यू-४० प्रतीचें तेल खुणेइतकेंच भरलें. या वेळीं इंजिन चांगलें तापल्यावरहि मंद गतीला दाब एक किलोच्या वर राहिला, आणि कामाच्या गतीला तीनच्या पुढें गेला. तसा तो राहिला नसता तर पुढें व्हॉल्व्ह, मग जाळी, मग पंप आणि सर्वांत शेवटीं बेअरिंगें, असा स्वस्ताकडून महागाकडे क्रम त्यानें ठरविलेलाच होता. प्रत्येक यंत्राचे आंकडे वेगळे असतात, म्हणून ते त्याच्या पुस्तिकेंतच पाहावे. हा क्रम मात्र सर्वत्र उपयोगी पडेल.

लागवडीला तीन दिवस उशीर झाला. रोपें सावलींत पाण्याचे हबके मारून घरच्या बायकांनीं जगविलीं. क्रँक गेला असता तर हंगामच गेला असता.

रात्रीं मी जमाखर्चाची वही उघडली. महिन्यापूर्वींच्या पानावर माझ्याच अक्षरांत नोंद होती: "यंदा इंजिनांत वरून तेल घालावें लागलें नाहीं. बचत." तिच्याच खालच्या आठवड्यांत बाळनें मला सांगितलें होतें कीं, पट्टीला डिझेलचा वास येतो. तें मीं लिहून ठेवलें नव्हतें; कारण त्याला खर्च नव्हता आणि सांगणारा वयानें लहान होता. मीं बाळला हांक मारून ती नोंद दाखविली आणि म्हणालों, "चूक माझी झाली." तो संकोचून म्हणाला, "काका, मला तरी कुठें खात्री होती? पण बंद करून चुकलों असतों तर दिवसच गेला असता."

एवढा साधा हिशेब जमाखर्च लिहिणार्‍याला सुचला नव्हता. एकदां खोटी ठरलेली सूचना पुढें नेहमींच खोटी ठरत नाहीं; आणि ती तपासून पाहावयाची ती इंजिन थांबवून, चालूं ठेवून नव्हे.

आतां रोज सकाळीं बाळ चावी अर्धी फिरवून क्षणभर थांबतो. इंजिन सुरूं होण्यापूर्वीं लाल दिवा लागला पाहिजे आणि सुरूं झाल्यावर विझला पाहिजे. आरंभीं जो लागतच नाहीं, त्याचा बल्ब किंवा तार गेलेली असते. आणि गप्प बसलेल्या त्या दिव्यावर विसंबणें सर्वांत वाईट. मी बांधावरून पाहत असतों. दिवा लागतो, विझतो, आणि मग मी घरीं परततों.