आधी कोणाला दाखवायची?

आनंद पटवर्धनांच्या ‘हमारा शहर’ (१९८५) या माहितीपटात एक बाई शूटिंग करणाऱ्यांवरच उखडते. गरिबांचे फोटो काढून तुम्ही नाव कमावणार, आमच्या पदरात काय पडणार, असा तिचा सवाल आहे. पटवर्धनांनी तो फिल्ममध्ये ठेवला. मी संकलक आहे. असा तुकडा गाळणं किती सोपं असतं हे मला रोजच्या कामातून ठाऊक आहे. गाळला असता तर कुणाला पत्ताही लागला नसता.

त्या सवालाचं एक उत्तर मुंबईतच मिळालं. फुटपाथवासीयांच्या खटल्यात जुलै १९८५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला, पण झोपड्या हटवण्याचा पालिकेचा अधिकारही कायम ठेवला. पुढच्याच वर्षी कफ परेडची संजय गांधी नगर ही वस्ती जमीनदोस्त झाली. तेव्हा रहिवाशांबरोबर उपोषणाला बसलेल्यांत शबाना आझमी होत्या, तसे पटवर्धनही होते. अखेर त्या कुटुंबांना गोरेगावला दिंडोशीत जागा मिळाली. ती फिल्ममुळे मिळाली असं मी म्हणणार नाही. ती मिळाली रस्त्यावर ठाण मांडून बसलेल्या माणसांमुळे आणि चळवळीच्या चिवट पाठपुराव्यामुळे. फिल्म करणारा माणूस काम आटोपल्यावर निघून गेला नाही, एवढाच फिल्मच्या बाजूने त्यात वाटा. माझ्या लेखी तो मोठा आहे.

फिल्ममुळे तिच्यातल्या माणसांचं नुकसान मात्र कसं होतं ते पडद्यावर दिसत नाही. ते संकलनाच्या टेबलावर घडतं किंवा टळतं. ठाणे-पालघरच्या डोंगरात उन्हाळ्याच्या अखेरीला आदिवासी शेतकरी राब भाजतात. रोपांसाठी भाताचं बी जिथे टाकायचं त्या तुकड्यावर पालापाचोळा, फांद्या, शेण पसरून जाळतात. सकाळच्या उन्हात तो धूर अप्रतिम दिसतो, कुठलाही दिग्दर्शक त्या शॉटवर जीव टाकेल. पण त्याच कुटुंबाचा वनहक्काचा दावा उपविभागीय समितीकडे पडून असेल, तर तोच शॉट ‘जंगल जाळून केलेलं अतिक्रमण’ म्हणून दाखवता येतो. शॉटच्या आधी दोन वाक्यांत राबाची पद्धत सांगितली की अर्थ बदलतो. ती दोन वाक्यं लय बिघडते म्हणून उडवली जातात, तेव्हा मी भांडतो.

दुसरं उदाहरण विदर्भाचं. शेतकऱ्याने आत्महत्या केली की घरच्यांना एक लाखाची सरकारी मदत मिळते, पण त्याआधी ते प्रकरण पात्र की अपात्र हे जिल्ह्याची समिती ठरवते. नापिकी, कर्ज, वसुलीचा तगादा असं कारण असेल तर पात्र. आता कॅमेऱ्यासमोर बसलेली त्याची बायको मन मोकळं करताना सांगून जाते, की शेवटी शेवटी ते प्यायला लागले होते, घरात भांडणं व्हायची. तिचं बोलणं खरं आहे, काळजाला भिडणारं आहे, आणि प्रकरण अपात्र ठरवू पाहणाऱ्याच्या हातात आयतं कोलीत आहे. तिने रिलीज फॉर्मवर सही केलेली असते. तो बहुतेक वेळा इंग्रजीत असतो, आणि आपण कशाला होकार दिला हे तिला कुणी वाचून दाखवलेलं नसतं. ही संमती मी मानत नाही. कापलेला, जुळवलेला, संगीत चढवलेला तुकडा तिने डोळ्यांनी पाहिला आणि मग हो म्हणाली, तर ती संमती.

हे फक्त निरक्षरांच्या बाबतीत घडतं असं नाही. उत्तर प्रदेशातल्या चित्रकूटमधून २००२मध्ये सुरू झालेलं ‘खबर लहरिया’ हे दलित, बहुजन स्त्रियांनी चालवलेलं वृत्तमाध्यम. त्यांच्यावरच्या ‘रायटिंग विथ फायर’ या माहितीपटाला २०२२मध्ये ऑस्करचं नामांकन मिळालं, सगळीकडे कौतुक झालं. आणि सोहळ्याच्या काही दिवस आधी खुद्द ‘खबर लहरिया’ने जाहीर निवेदन काढलं. फिल्म प्रभावी आहे, पण आमचं सगळं काम एकाच पक्षाभोवती फिरतं असं चित्र त्यातून उभं राहतं आणि ते खरं नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. दिग्दर्शकद्वयीच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण ज्यांना उद्या सकाळी त्याच गावात, त्याच पुढाऱ्याकडे बातमीसाठी जायचंय, त्यांच्या दृष्टीने हा आक्षेप जगण्याचा आहे. खुद्द पत्रकार असलेल्या बायकांवर अशी वेळ येते, तर ऊसतोड मजुरांचं काय होत असेल?

मला ज्या प्रयोगाबद्दल मनापासून आदर आहे तो १९६७चा, कॅनडातल्या फोगो बेटावरचा. मासेमारी मंदावलेली आणि लोकांना बेटावरून हलवून दुसरीकडे वसवण्याचा सरकारी घाट. दिग्दर्शक कॉलिन लो यांनी तिथे एक मोठा माहितीपट करायचं टाळून छोट्या छोट्या सुमारे सत्तावीस फिल्म्स केल्या. त्या बेटावरच्याच गावांमध्ये आधी दाखवल्या. बोलणाऱ्याला आपला भाग काढायला सांगायची मुभा होती. बेटावरची गावं एकमेकांपासून तुटक होती; या खेळांमध्ये पलीकडच्या गावचा कोळीही तेच दुखणं सांगतोय हे त्यांना दिसलं. नंतर त्या फिल्म्स सरकारातल्या लोकांनी पाहिल्या आणि त्यांची उत्तरं चित्रित होऊन बेटावर परत आली. तिथे मच्छीमारांची सहकारी संस्था उभी राहिली आणि बेट उठलं नाही. यात कॅमेऱ्याची करामत कमी आणि खेळांच्या क्रमाची जास्त, असं माझं ठाम मत आहे.

ज्यांच्यावर फिल्म आहे त्यांना ती आधी दाखवणं आपल्याकडेही झालंय. मुंबईतल्या रमाबाई नगरात १९९७मध्ये दलितांवर झालेल्या पोलीस गोळीबारापासून सुरुवात करून पटवर्धनांनी चौदा वर्षं खपून ‘जय भीम कॉम्रेड’ पूर्ण केला, तेव्हा २०१२च्या जानेवारीत तो भायखळ्याच्या बीआयटी चाळीत, उघड्यावर दाखवला गेला. फिल्ममधल्या कबीर कला मंच या सांस्कृतिक गटाच्या कलाकारांवर त्या काळात अटकेचं सावट होतं. त्यांच्या बचावासाठी जी समिती झाली तिच्यातही पटवर्धन होते.

दिवाळीनंतर तुमच्या गावातली फिल्म सोसायटी किंवा कॉलेज असा एखादा माहितीपट लावेल. टाळ्या जरूर वाजवा, पण दिग्दर्शकाला विचारा: ज्यांच्यावर आहे त्यांनी हा पाहिला का, आणि त्यांच्या सांगण्यावरून तुम्ही काय काढलंत? आणि ती वस्ती तुमच्याच तालुक्यातली असेल, तर पहिला खेळ तिथे लावा. प्रोजेक्टर आणि पडदा तुमच्याकडे आहेच.