पूर्णेचा तीन पाकळ्यांचा ब्लोअर

तपोवन एक्स्प्रेसने छत्रपती संभाजीनगर सोडलं तेव्हा गाडीत जेवणाचे डबे उघडले होते. माझ्या पिशवीत कपडे एका दिवसाचे होते आणि बाकी सगळी हत्यारं : फिलर गेज, व्हर्नियर, पोलादी फूटपट्टी, बॅटरी आणि जुन्या स्पीकरमधून काढलेलं लोहचुंबक. पुण्यातल्या एका गिऱ्हाइकाकडे 1967 ची मस्टँग आहे. तिच्या इंजिनावर जुन्या काळातला सुपरचार्जर बसवायचं त्याच्या मनाने घेतलंय. पूर्णेच्या एका ओळखीच्याने अंधुक फोटो पाठवला होता आणि खाली दोनच शब्द लिहिले होते, 'रेल्वेचा सुपरचार्जर'.

त्या 'रेल्वेचा' शब्दाने जालन्यापर्यंत डोळा लागला नाही. डिझेल शेडमधली माणसं टीएससी म्हणतात, म्हणजे टर्बो सुपरचार्जर. तो इंजिनाच्या धुरावर फिरतो. पूर्णा-अकोला मार्ग मीटर गेज होता तेव्हा वायडीएम-4 इंजिनं तिकडे धावायची. अमेरिकेतल्या अल्कोच्या आराखड्याचं सहा सिलिंडरचं, 1400 अश्वशक्तीचं इंजिन ते, आणि त्यावर असा टर्बो. मस्टँगला हवा असलेला सुपरचार्जर मात्र क्रँकवरून पट्ट्याने फिरतो. सिलिंडरमध्ये जास्तीची हवा कोंबायची हे काम दोघांचं एकच, पण एकाच्या जागी दुसरा बसत नाही. तिथे टर्बो निघाला तर फेरी वाया जाणार होती.

परतूर, सेलू, मानवत रोड. रुळाच्या दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस आणि तुरीचा पिवळा फुलोरा. परभणी येताच समोरच्या बाकावरचे आजोबा म्हणाले, "जगात जर्मनी, भारतात परभणी." ही म्हण मी शंभरदा ऐकली असेल, पण त्या दिवशी ती मनात रेंगाळली. कारखान्यातूनच सुपरचार्जर बसवलेल्या मोटारी विकायची सुरुवात जर्मनांनी केली. 1921 साली बर्लिनच्या प्रदर्शनात मर्सिडीजने तशा गाड्या मांडल्या होत्या. मूळ यंत्र त्याहून खूप जुनं आहे. अमेरिकेच्या इंडियाना राज्यातल्या रूट्स बंधूंनी 1860 साली त्याचं पेटंट घेतलं, तेव्हा मोटार जन्मालाही आली नव्हती. भट्टीला वारा घालायला ते यंत्र कामी यायचं. म्हणून आजही आमच्या धंद्यात त्याला ब्लोअरच म्हणतात.

पूर्णेला उतरलो तेव्हा ऊन उतरलं होतं. अकोल्यापर्यंत ब्रॉड गेज झाल्याला, म्हणजे 2008 ला, आता बरीच वर्षं लोटली, तरी इथल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात अजून 'छोटी लाईन' येते. चहाच्या गाड्यावर दोन निवृत्त कर्मचारी कोणत्या गाडीला कोणतं इंजिन लागायचं यावर तावातावाने बोलत होते. असं गाव मला आवडतं. इथे यंत्राला किंमत आहे.

सकाळी रेल्वे कॉलनीच्या मागच्या बाजूला एका पत्र्याच्या शेडमध्ये गेलो. मालक निवृत्त फिटर. सगळे त्यांना काका म्हणतात, मीही म्हणालो. पोत्याखालून वस्तू काढली. तिला नुकताच पिवळा ऑईलपेंट फासलेला होता, विकायची म्हणून.

चुंबक लावलं, चिकटलं नाही. घर ॲल्युमिनियमचं. टर्बोचं धुराकडचं घर ओतीव लोखंडाचं असतं आणि तापून तापून तांबूस झालेलं असतं. इथे तसला एकही डाग नव्हता. बॅटरी मारून तोंडातून आत पाहिलं आणि जीव भांड्यात पडला. आत शेजारी शेजारी दोन रोटर, प्रत्येकाला तीन पाकळ्या आणि त्या पाकळ्यांना दोरीसारखा पीळ. कारखान्यांतल्या साध्या ब्लोअरला बहुधा दोनच पाकळ्या असतात, त्याही सरळ, आणि घर लोखंडी. फूटपट्टीवर घराची लांबी पंधरा इंचांच्या आसपास भरली. मी काकांना म्हणालो, "हा रेल्वेचा नाही. पण डिझेलचाच आहे. सहा-एकाहत्तर."

हे नाव नीट समजून घेतलं पाहिजे, कारण ओळखण्याची किल्ली त्यातच आहे. जनरल मोटर्सने 1938 साली एकाहत्तर मालिकेची डिझेल इंजिनं आणली. प्रत्येक सिलिंडर 71 घनइंचांचा, म्हणून एकाहत्तर. सहा सिलिंडर असतील तर सहा-एकाहत्तर. ही इंजिनं टू-स्ट्रोक होती. टू-स्ट्रोक डिझेलला जळका धूर बाहेर ढकलून ताजी हवा आत घ्यायला ब्लोअर लागतोच, त्याशिवाय ते चालतच नाही. बस, डंपर, जनरेटर, दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिक उतरवायच्या होड्या, अशा असंख्य ठिकाणी ती होती. पुढे अमेरिकेतल्या शर्यतवेड्या पोरांनी भंगारातले हे ब्लोअर उचलले आणि पेट्रोलच्या व्ही-आठ इंजिनावर आडवे बसवले. बॉनेटमधून वर आलेलं ते धूड सिनेमात दिसतं ना, ते मुळात ट्रकचं फुप्फुस आहे. नंतर शर्यतीसाठी दहा-एकाहत्तर, चौदा-एकाहत्तर अशा नावांचे मोठे ब्लोअर निघाले. त्यातला आकडा फक्त 'याहून मोठा' एवढंच सांगतो. चौदा सिलिंडरचं एकाहत्तर इंजिन कधी नव्हतंच.

काकांचा मुलगा ग्राइंडर घेऊन आला. "रंग खरवडून देऊ का?"

मी त्याचा हात धरला. कडेच्या झाकणावर ओतकामात उठवलेले आकडे असतात. ते गेले की वस्तू मुकी होते. चिंधी डिझेलमध्ये बुडवून मी पुसायला बसलो.

"एवढं कशाला पुसायलाव साहेब, चांगला रंग दिलाव की," काका म्हणाले. पण पहिला आकडा उघडा पडताच ते स्वतः चष्मा लावून शेजारी बसले. शेडमध्ये उभी हयात काढलेला माणूस, त्याला पुढे सांगावं लागलं नाही. उरलेले आकडे त्यांनीच वाचले आणि मी वहीत उतरवले.

मग खरी परीक्षा. रोटर हाताने फिरवला. फिरला, पण एका जागी हलका अडला. फिलर गेजचं पान रोटर आणि घर यांच्या मधून सरकवत नेलं. ही फट इंचाच्या काही हजारांश असते आणि सगळी किंमत त्या फटीत आहे. जास्त झाली की हवा मागे गळते, कमी पडली की पाकळी घराला घासते. एका कडेला नखाला लागेल अशी रेघ सापडली. बेअरिंग संपलेले, ऑईल सील दगडासारखे. घराला तडा मात्र नव्हता, वेल्डिंगही नव्हतं. घर आणि रोटर शाबूत असले तर बाकी सगळं बदलता येतं.

काकांनी ऐकलं होतं की अमेरिकेत असल्या वस्तू लाखांनी जातात. जातात, पण कोणत्या? मॅक्युलक कंपनीचा, 1957 च्या थंडरबर्डवर कारखान्यातून आलेला सुपरचार्जर, ब्रॅकेट, पुली आणि कार्ब्युरेटरच्या टोपीसकट पूर्ण असेल तर जातो. लॅथमचा, विमानाच्या इंजिनासारख्या पात्यांच्या रांगांचा, क्वचित दिसतो, तोही जातो. सहा-एकाहत्तर मात्र ढिगांनी बनले. शिवाय डिझेलवरून उतरवलेला तसाच पेट्रोलवर चालत नाही. नवी झाकणं, नवे सील, खास मॅनिफोल्ड, पुढचा दांडा, पुल्या आणि पट्टा लागतो. हा संच ब्लोअरपेक्षा महाग पडतो.

आणखी एक गोष्ट मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. साठीच्या दशकातल्या मसल कार मोठ्या इंजिनाच्या जोरावर पळायच्या, त्यांच्यावर कारखान्यातून सुपरचार्जर जवळजवळ येतच नव्हता. 1966 च्या शेल्बी जीटी-350 ला पॅक्सटनचा मिळायचा, तोही मोजक्या गाड्यांना. त्यामुळे 'कंपनी फिटिंग' म्हणून कुणी जास्त पैसे मागितले तर आधी कागद मागायचा.

काकांचा ब्लोअर धरणाच्या कामावरच्या डंपरचा, असं त्यांनी वडिलांकडून ऐकलं होतं. खरं असेलही, पण कागद नव्हता, म्हणून त्या गोष्टीचे पैसे मी धरले नाहीत. भंगारवाल्याने ॲल्युमिनियमच्या भावाने किलोवर मागितला होता. मी हिशेब त्यांच्यासमोरच मांडला : दुरुस्त केलेला सहा-एकाहत्तर अमेरिकेहून आणायचा तर किंमत, जहाजभाडं आणि जकात, त्यातून बेअरिंग, सील, घराचं मशिनिंग आणि माझी मजुरी वजा. उरलेला आकडा भंगाराच्या कितीतरी पट होता आणि काकांनी ऐकलेल्या लाखांच्या खूप खाली. ते बराच वेळ वहीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हिशेब बरोबर हाय. घेऊन जा."

ब्लोअर आता माझ्या टेबलावर उघडून ठेवलाय. पीळ तसाच धारदार आहे आणि रेघ मशिनिंगमध्ये निघेल.

मराठवाड्यातल्या जुन्या गॅरेजांत, धरणांच्या गोदामांत, विहिरीवरच्या बंद जनरेटरवर असे ब्लोअर अजून असतील. तुमच्याकडे तीन पिळदार पाकळ्यांचा एखादा निघाला तर त्याला रंग देऊ नका, ग्राइंडर लावू नका. आधी झाकणावरचे आकडे कागदावर उतरवा, आणि मगच तो काट्यावर ठेवायचा की नाही ते ठरवा.