हाक येण्यापूर्वीच



आमच्या मुधोळच्या रानातून सह्याद्रीची शिखरे दिसत नाहीत. परंतु नोकरीनिमित्त पुण्यामुंबईस गेलेली आपली मुले आता सुटीच्या दिवशी गडकिल्ले चढू लागली आहेत. त्यांपैकी एकाने मध्यंतरी आम्हांस विचारले, "फादर, वाटेत कोणी अनोळखी मनुष्य गळून बसलेला दिसला आणि 'मी बरा आहे, तुम्ही पुढे व्हा' असे म्हणाला, तर आपण निघावे की मदत बोलवावी?"

प्रश्न सोपा नाही. विनाकारण बोलावणे धाडले, तर परक्या माणसांस रात्री-अपरात्री डोंगर चढावा लागतो. ही माणसे पगारी नव्हेत. लोणावळ्याच्या 'शिवदुर्ग मित्र' सारख्या संस्थांचे स्वयंसेवक आपला कामधंदा सोडून धावून जातात. उलट बोलावले नाही, तर कदाचित एखादा जीव जातो.

दयाळू शोमरोन्याच्या दाखल्यात (लूक, अध्याय १०) एक गोष्ट ध्यानी घेण्याजोगी आहे. जखमी मनुष्याने साहाय्य मागितले, असे तेथे कोठेही सांगितलेले नाही. शोमरोन्याने त्याची अवस्था पाहिली, आणि तीच त्याची हाक मानली.

म्हणून केवळ शब्दांवर न जाता अवस्था पाहावी. जवळ बसून नाव, गाव, सोबती आणि उतरण्याची वाट विचारावी. उत्तरे असंबद्ध येत असतील, जीभ जड झाली असेल, पाऊल टेकवत नसेल, डोक्यास मार लागला असेल, तर 'मी बरा आहे' या बोलण्यास प्रमाण मानू नये. पावसात भिजून कुडकुडणारा मनुष्य कुडकुडणे थांबून पेंगू लागला, किंवा उन्हात अंग तापून बरळू लागला, तर क्षणाचाही विलंब नको. ११२ क्रमांकावर कळवावे. गडाचे नाव, वाट व खूण सांगावी. एकाने तरी त्याच्यापाशी थांबावे. पडून पाठीस वा मानेस दुखापत झालेल्यास उगाच हलवू नये.

जो शुद्धीवर आहे, नीट बोलतो, चालू शकतो आणि तरीही साहाय्य नाकारतो, त्याच्यावर सक्ती करू नये. मात्र पायथ्याच्या गावी त्याची खबर द्यावी.

दुसरा विचार सूर्याचा करावा. मदतीस येणाऱ्यांना पायथा गाठून वर चढावयास काही तास लागतात. मन साशंक असेल तर दिवस मावळण्याची वाट पाहू नये. तो मनुष्य पुढे आपल्या पायांनी उतरलाच, तर तसे पुन्हा कळवावे. आपणांस थोडे ओशाळे वाटेल, इतकेच.

संत बर्नार्ड यांनी अकराव्या शतकात आल्प्सच्या खिंडीत पांथस्थांसाठी आश्रयगृह स्थापिले. तेथील व्रतस्थ हिमवर्षावात वाट चुकलेल्यांचा शोध घेण्यास स्वतः बाहेर पडत. तरुणपणी १८८९ साली मोंटे रोझा पर्वत चढलेले पोप पायस अकरावे यांनी १९२३ साली याच संतांस गिर्यारोहकांचे आश्रयदाते म्हणून घोषित केले.

मातापित्यांनो, तुमची मुले डोंगरावर निघतील तेव्हा भाकरीच्या गाठोड्याबरोबर एवढी शिकवणही त्यांच्यासोबत द्या. तुमचा मुलगा कधी एखाद्या कड्याखाली एकटा बसला असेल, तर त्याच्याजवळून जाणारेही कोणी अनोळखीच असतील.