वेगळा ठेवलेला कप

बुद्ध पौर्णिमेला आमच्या घरी खीर असते. सुजातेने सिद्धार्थाला खीर दिली त्याची आठवण म्हणून आई ती करीत असे. आता आम्ही दोघी बहिणी आपापल्या घरी करतो. पण दरवर्षी खीर वाढताना आम्हाला आमचीच एक चूक आठवते. ती दुसऱ्या कोणाची नाही, आमच्या स्वयंपाकघरात आमच्या हातून घडलेली आहे. म्हणून ती वाचक बंधू-भगिनींपुढे आज मांडत आहोत.

आम्ही मूळच्या नागपूरच्या. वडील रेल्वेत फिटर होते. त्यांची बदली टाटानगरला झाली आणि आमचे लहानपण तिथल्या क्वार्टरमध्येच गेले. थोरलीचे लग्न रेल्वेतल्याच माणसाशी झाले, त्यामुळे ती टाटानगरातच राहिली. धाकटीला नागपूरला दिली. वडील गेल्यावर आई थोरलीजवळ राहू लागली.

सकाळच्या लोकलने आदिवासी बायका टाटानगरला उतरत. डोक्यावर सालाच्या पानांचे गठ्ठे, पत्रावळ्या, द्रोण, दातवण. त्यांतली एक संथाळ बाई आमच्याकडे वर्षानुवर्षे येत असे. आम्ही तिला मौसी म्हणत असू. राखा माइन्स स्टेशनाच्या पलीकडे, जादूगोड्याजवळ तिचे गाव. तिची हिंदी मोडकीतोडकी आणि आईची हिंदी नागपुरी वळणाची, तरी दोघींच्या गप्पा चहा थंड होईपर्यंत चालत.

११ मे १९९८ रोजी बुद्ध पौर्णिमा होती. धाकटी सुट्टीसाठी माहेरी आली होती. सकाळी वंदना झाली, दुपारी वस्तीतल्या मुलांना मौसीच्या द्रोणांतून खीर वाटली. संध्याकाळी बातमी आली की पोखरणला अणुस्फोट झाले. शेजारचे गृहस्थ लाडू घेऊन आले आणि म्हणाले, "तुमच्या बुद्धाच्या दिवशीच झाले बघा!" खोटे कशाला बोलावे? आम्हालाही अभिमान वाटला. लाडू आम्हीही खाल्ला. सकाळी "पाणातिपाता वेरमणी" म्हटलेले तोंड संध्याकाळी बॉम्बचा लाडू खात आहे, हे आमच्या ध्यानातही आले नाही. १९७४ सालच्या पहिल्या स्फोटाला तर 'स्मायलिंग बुद्धा', म्हणजे हसरा बुद्ध, असे नावच पडले आहे. ज्या तथागताने वैराने वैर शमत नाही असे सांगितले, त्याचे नाव कशाला द्यावे, हा प्रश्न तेव्हा आम्ही कोणाला विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी मौसीला आम्ही उत्साहाने बातमी सांगितली. ती गठ्ठा उतरवीत शांतपणे म्हणाली, "उसका पत्थर तो हमारे उधर से निकलता है." आम्ही हसलो. तिने हसण्यासारखे काही म्हटले नव्हते.

जादूगोडा पूर्व सिंहभूम जिल्ह्यात आहे. तेव्हा तो भाग बिहारात होता, २००० साली झारखंडात गेला. संथाळ आणि हो लोकांचा हा मुलूख. युरेनियम कॉर्पोरेशन ऑफ इंडिया ही सरकारी कंपनी १९६७ साली स्थापन झाली आणि देशातली पहिली युरेनियमची खाण इथे चालू झाली. पुढे भाटिन, नरवापहाड, तुरामडीह अशा आणखी खाणी आसपास निघाल्या. इथल्या हजार किलो खडकातून एक किलोसुद्धा युरेनियम निघत नाही. बाकीचा खडक दळून त्याचा गाळ होतो आणि तो पाइपातून डोंगरांमधल्या तलावांत सोडतात. युरेनियम काढून नेले तरी खडकातली बहुतेक किरणोत्सारी शक्ती त्या गाळातच उरते. म्हणजे उपयोगाचे तेवढे हैदराबादच्या कारखान्याला गेले आणि हजारो वर्षे सांभाळावे लागेल ते मौसीच्या दाराशी राहिले.

हे सारे आम्हाला १९९९ नंतर कळले. त्या वर्षी श्रीप्रकाश यांनी जादूगोड्यावर माहितीपट काढला. इंग्रजीत त्याचे नाव 'बुद्धा वीप्स इन जादूगोडा', म्हणजे जादूगोड्यात बुद्ध रडतो आहे. नाव ऐकूनच आमच्या काळजात चर्र झाले. थोरलीच्या यजमानांनी त्यावरचे एक हिंदी कात्रण घरी आणले. खाणकामगारांचे आजार, बायकांचे गर्भपात, व्यंग घेऊन जन्मलेली मुले, सारे त्यात होते. धाकटी तेव्हा पहिल्या बाळंतपणासाठी आली होती. सातवा महिना चालू होता.

आता आमची चूक सांगतो. ते वाचून आमच्या मनात पहिल्यांदा मौसीची काळजी यायला हवी होती. आली ती आमची स्वतःची. "पत्रावळ्या आता नकोत," असे आम्ही तिला सांगितले. ती दारात बसली की पोटुशी धाकटी आतल्या खोलीत जाई. तिचा चहाचा कप आम्ही वेगळा केला. कान तुटलेला जुना कप, खिडकीत पालथा ठेवलेला. कोणी ठरवून केले नाही. आम्ही दोघी एकमेकींशी त्याविषयी बोललोही नाही. तो आपोआप वेगळा झाला.

चार-पाच दिवस मौसी काही बोलली नाही. मग एके दिवशी चहा पिऊन झाल्यावर तिने तो कप स्वतःच विसळून खिडकीत पालथा ठेवला आणि म्हणाली, "हमारे गाँव की बेटी को भी लोग ऐसे ही देखते हैं. रिश्ता नहीं आता." गठ्ठा उचलून ती निघून गेली. त्यानंतर ती आली नाही.

आईने सारे ऐकले होते. ती मोठ्याने बोलणारी बाई नव्हती. एवढेच म्हणाली, "माह्या मायले विहिरीवर वरून पाणी ओतत, ओंजळीत. भांडं बाटते म्हणत. तुमी शिकल्या-सवरल्या पोरी, तुमाले हे कोनं शिकवलं वो?" त्या रात्री आम्ही दोघी जेवलो नाही.

बाळ सहा महिन्यांचे झाल्यावर त्याला आईजवळ ठेवून आम्ही दोघी राखा माइन्सला उतरलो आणि विचारत विचारत तिच्या गावी गेलो. गाळाचा तलाव पाहिला. तलाव म्हणावा तर पाणी थोडे, डोंगरांच्या कुशीत राखाडी रंगाचे सपाट मैदान पसरलेले. कडेने पायवाट, पायवाटेने शेळ्या आणि शेळ्यांमागे पोरे. उन्हाळ्यात ते मैदान वाळले की धूळ घरांत येते, असे बायका सांगत होत्या. खाणीतून आलेल्या नवऱ्याचे धुळीचे कपडे याच बायकांनी वर्षानुवर्षे हाताने धुतले होते. पगार नवऱ्याच्या नावे, धूळ साऱ्या घराच्या नावे!

मौसीने आम्हाला खाटेवर बसवले आणि पितळी लोट्यात पाणी दिले. लोटा आमच्या हातात तसाच राहिला. तिने ते पाहिले आणि म्हणाली, "पी लो बेटी. मेहमान का पानी दूर के कुएँ से लाते हैं." घरच्यांसाठी कुठले पाणी, हे तिने सांगितले नाही आणि विचारायला आम्हाला तोंड नव्हते. माना खाली घालून आम्ही ते पाणी प्यायलो.

त्या अंगणात आम्हाला लोकांनी लढ्याची हकीकत सांगितली. १९९६ च्या जानेवारीत गाळाच्या तिसऱ्या तलावासाठी चाटीकोचा गावातली घरे पोलीस बंदोबस्तात बुलडोझरने पाडली. शेते गेली, पूजेच्या जागा गेल्या. त्याविरुद्ध आदिवासी उठले. घनश्याम बिरुली आणि त्यांच्या साथीदारांनी 'झारखंडी ऑर्गनायझेशन अगेन्स्ट रेडिएशन' ही संघटना बांधली. त्यांच्या मागण्या काही अचाट नव्हत्या. तलावांना कुंपण घाला, लोकांची स्वतंत्र तपासणी करा, उठवलेल्यांना जमीन आणि काम द्या, आणि आम्हाला विचारल्याशिवाय नवी खाण काढू नका. माणसाने माणसाकडे मागावे एवढेच ते मागत होते. या संघटनेला २००४ साली 'न्यूक्लिअर फ्री फ्यूचर' हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी जादूगोड्याविषयीची जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. काळजी घेतली जात आहे, हे अणुऊर्जा आयोगाच्या अध्यक्षांचे प्रतिज्ञापत्र न्यायालयाने मान्य केले.

कंपनीचे म्हणणे आहे की किरणोत्सार मर्यादेत आहे आणि आजारांचे कारण खाण नव्हे. दुसऱ्या बाजूने डॉ. संघमित्रा आणि डॉ. सुरेंद्र गाडेकर या दांपत्याने तिथे आरोग्य पाहणी केली. २००७ साली 'इंडियन डॉक्टर्स फॉर पीस अँड डेव्हलपमेंट' या डॉक्टरांच्या संघटनेने केलेल्या पाहणीत खाणीजवळच्या गावांत जन्मजात व्यंग आणि वंध्यत्व दूरच्या गावांपेक्षा जास्त आढळले. आम्ही शास्त्रज्ञ नाही. पण २४ डिसेंबर २००६ रोजी डुंगरीडीहजवळ गाळाचा पाइप फुटला आणि कित्येक तास तो गाळ ओढ्यात वाहत राहिला. तो पहिल्यांदा दिसला तो गावकऱ्यांना. ज्यांच्या दाराशी विष वाहते त्यांनाच पहारा करावा लागत असेल, तर काळजी कोण घेत आहे?

आणखी एक गोष्ट आम्ही तिथे शिकलो. किरणोत्सार हा काही माणसाला शिवल्याने लागणारा रोग नव्हे. तो धुळीतून, पाण्यातून, खाणीतल्या वायूतून अंगात जातो. कपाने लागत नाही. म्हणजे आमचा तो वेगळा कप विज्ञानाने ठेवलेला नव्हता, भीतीने ठेवलेला होता. भीतीला कारण खाण होती आणि शिक्षा मौसीला झाली. तिच्यावर अन्याय दोनदा झाला. दुसऱ्या वेळी तो आम्ही केला.

लढणारे काहीच मिळवत नाहीत असेही नाही. मेघालयातल्या पश्चिम खासी टेकड्यांत डोमियासियात भागात युरेनियम सापडले, तेव्हा स्पिलिटी लिंगडोह लांगरिन या खासी बाईने आपली जमीन द्यायला साफ नकार दिला. भाड्याची मोठी रक्कम समोर ठेवली तरी ती ढळली नाही. २०२० साली ती वारली तोवर तिथे खाण निघाली नव्हती. तिच्या पाठीशी खासी लोक उभे होते. एका अडाणी म्हटल्या जाणाऱ्या बाईच्या 'नाही' या शब्दात केवढे बळ असते!

पण ते 'नाही' ऐकून घ्यायची जागा तरी हवी. २००९ च्या मे महिन्यात जादूगोड्यात खाणीच्या विस्तारासाठी जनसुनावणी झाली, ती कडक बंदोबस्तात. तरी तिथे लोकांनी विरोध नोंदवला. आता २०२५ च्या सप्टेंबरात केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने अणुखनिजांच्या खाणींना जनसुनावणीतून सूटच दिली आहे. म्हणजे उद्या एखाद्या मौसीच्या गावाखाली युरेनियम सापडले, तर तिला विचारण्याची सक्तीही उरली नाही.

वाचकहो, वीज सर्वांना हवी, देशाचे रक्षणही हवे. पण त्याची किंमत नेहमी त्याच माणसांनी का द्यावी, ज्यांना कधी विचारले जात नाही? हा प्रश्न आपण नाही विचारायचा तर कोणी विचारायचा?

मौसी त्यानंतर पुन्हा आमच्याकडे येऊ लागली. आई होती तोवर दोघी एकाच किटलीतला चहा, एकसारख्या कपांतून पीत. कान तुटलेला कप आईने फेकू दिला नाही. तो अजून थोरलीच्या घरी फळीवर आहे. लेकी-सुना विचारतात, हा कशाला ठेवला? मग आम्ही त्यांना जादूगोड्याची हकीकत सांगतो, आमच्या चुकीसकट.